निरोप्या म्हणवणाऱ्या एजंटांना उत्तर

भाड्याचं घर शोधणाऱ्या कुणाला आडनावावरून, धर्मावरून, खाण्यावरून किंवा एकटी बाई म्हणून नकार मिळाला आणि त्याने जाब विचारला, की इस्टेट एजंटाकडून ठरलेलं उत्तर येतं. अट मालकाची, भाव बाजाराचा, आम्ही फक्त दोन पार्ट्यांची गाठ घालून देतो. बोरिवलीत, मुलुंडमध्ये, पार्ल्यात, पुण्यात कोथरूडला आणि वाकडला, सगळीकडे हेच ऐकू येतं. ते इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे दिलं जातं की ज्याला नकार मिळाला तोही मान हलवतो आणि पुढचं घर बघायला निघतो. मला हे उत्तर मान्य नाही. मुंबई-पुण्यात घरांचा बाजार सध्या ज्या वेगाने बदलतो आहे, त्यात ते मान्य करणं आपल्याला परवडणारंही नाही.

आधी एजंटांची खरी बाजू. हा धंदा कष्टाचा आहे. उन्हातान्हात स्कूटर घेऊन एकाच पार्टीला पंधरा घरं दाखवायची, आणि शेवटी तिने मालकाशी परस्पर सौदा करून दलाली बुडवायची, हे त्यांच्या वाट्याला नेहमी येतं. करार नोंदवायला अंगठ्याचं मशीन घेऊन रात्री नऊ वाजता घरी येणारा माणूस एजंटच असतो. पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती, सोसायटीची ना-हरकत, गॅसची जोडणी, मीटरवरचं नाव या सगळ्यांत नवख्या माणसाला त्याचाच आधार असतो. या कामाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. ‘दलाल’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांत मी नाही.

घरांची टंचाईही त्यांनी निर्माण केलेली नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकांनी भाड्यासाठी इमारती बांधणं सोडलं, चाळींची डागडुजी थांबली, पागडीचा समांतर बाजार उभा राहिला. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा यायला अर्धं शतक गेलं. तोवर मालकाच्या मनात भाडेकरूची भीती इतकी मुरली होती की घर कुलूप लावून ठेवणं त्याला सुरक्षित वाटू लागलं. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सच्या पद्धतीमागे हीच भीती आहे. या इतिहासाचं ओझं एजंटाच्या डोक्यावर टाकणं अन्याय होईल.

पण त्यांची कैफियत इथे संपते. यापुढचे त्यांचे दोन्ही दावे खोटे आहेत.

पहिला दावा भावाचा. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांत आणि पुण्याच्या जुन्या वसाहतींत पुनर्विकासाची लाट आली. २०१९मध्ये सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासाबाबतच्या ‘७९अ’च्या नियमांत दुरुस्ती होऊन लागणारी संमती ५१ टक्क्यांवर आली. २०२१मध्ये राज्य सरकारने बांधकामावरचे प्रीमियम त्या वर्षापुरते निम्मे केले. वर्षानुवर्षं बैठकांत अडकलेले प्रस्ताव भराभर सुटले. एकेका गल्लीत तीन-चार इमारती एकाच वेळी रिकाम्या होऊ लागल्या.

रिकाम्या झालेल्या इमारतींतली माणसं कुठे गेली? मुलांची शाळा तीच, आजोबांचे डॉक्टर तेच, आजीचं देऊळ तेच, म्हणून प्रत्येकाला घर हवं ते त्याच वसाहतीत, तीन-चार वर्षांसाठी. त्यांचं भाडं बिल्डर देतो. चटईक्षेत्राच्या चौरस फुटावर त्याचा दर विकास करारात ठरलेला असतो, बहुतेक करारांत दरवर्षीची वाढही ठरलेली असते, आणि भाड्याबरोबर दलालीचे व सामान हलवण्याचे पैसेही मिळतात. हा आकडा गुप्त राहत नाही. सोसायटीच्या सभेत वाचला जातो आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या एजंटाच्या वहीत असतो.

मग फोन सुरू होतात. शेजारच्या इमारतीतल्या मालकाला सांगितलं जातं, की काका, तुमचा टू बीएचके चाळीसला दिलाय, तो आता पन्नासला सहज जाईल, बिल्डरची पार्टी आहे, पैसे वेळेवर येतील. मालकाने दर विचारलेला नसतो. त्याच्याकडे दर कळण्याचं दुसरं साधनही नसतं. भाडेकरार नोंदवणं कायद्याने सक्तीचं असलं, तरी कोणत्या गल्लीत काय भाडं चाललंय हे सामान्य माणसाला सहज वाचता येईल अशा रूपात समोर नसतं. त्याच्यापर्यंत पोचणारा ‘बाजारभाव’ म्हणजे त्या वसाहतीतल्या पाच-सहा एजंटांनी उच्चारलेला आकडा. आणि त्या काकांच्या घरात चाळीस हजार देऊन राहणारं जोडपं, तो शिक्षक, ती नर्स, यांचं भाडं कुणी बिल्डर देत नाही. अकरा महिने संपले, की त्यांच्यापुढे पन्नासचा आकडा येतो आणि ते ठाण्याच्या पलीकडे, डोंबिवली-बदलापूरकडे घर शोधू लागतात.

हिशोब करून पाहा. मुंबईत भाड्याच्या व्यवहारात साधारण एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतलं जातं, आणि पुष्कळदा दोन्हीकडून. भाडं चाळीसचं पन्नास झालं, तर एजंटाची कमाई ऐंशी हजारांवरून एक लाखावर जाते. जुना भाडेकरू तिथेच राहिला, तर नूतनीकरणाचे थोडे पैसे किंवा काहीच नाही. तो गेला आणि नवा आला, तर पुन्हा दोन्हीकडून पूर्ण दलाली. भाडं वाढण्यात आणि माणूस हलण्यात ज्याचा थेट फायदा आहे, त्याने दिलेल्या आकड्याला तटस्थ बाजारभाव कसं म्हणायचं? टंचाईमुळे भाडी वाढणारच होती, हे मला मान्य आहे. पण किती वेगाने, कुणाच्या डोक्यावर आणि कोणत्या महिन्यात, हे ठरवण्यात एजंटाचा हात असतो. ज्याच्या हातात हे आहे त्याला मी निरोप्या म्हणणार नाही.

विक्रीच्या व्यवहारातही फार वेगळं नाही. बिल्डरचे ‘चॅनल पार्टनर’ ग्राहकाला साइटवर नेतात आणि ग्राहकाला वाटतं हा आपला माणूस. पैसे मात्र बिल्डर देतो, तेही घर विकलं गेलं तरच. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण तिथे निदान रेरासारखा एक कायदा आहे. भाड्याच्या बाजारात तोही नाही.

दुसरा दावा अटींचा. ‘मालकाला फक्त व्हेज फॅमिली हवी’, ‘मालक मुस्लिम पार्टी घेत नाहीत’, ‘मालक बॅचलर मुलींना देत नाहीत’. यातल्या किती अटी मालकाने खरोखर घातलेल्या असतात? काही घालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अनेक मालक परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असतात. त्यांना भाडं वेळेवर यायला हवं आणि घर नीट राहायला हवं, एवढंच असतं. पुढची यादी एजंट स्वतः विचारून भरून घेतो: सर, व्हेजच बघू ना? फॅमिलीच ना? सोसायटीत नंतर कटकट नको. मालक हो म्हणतो. तो एक क्षणाचा होकार त्या घराची कायमची अट बनतो, एजंटांच्या ग्रुपवर फिरतो, आणि पुढच्या वेळी मालकाला कुणी विचारतही नाही. त्याआधीची गाळणी तर कुणाला दिसतच नाही. फोनवर नाव ऐकताच ‘ते घर गेलं’ असं सांगितलं जातं. मालकापर्यंत ते नाव पोचलेलंच नसतं, म्हणून त्याने नकार दिला असं म्हणताही येत नाही.

इथे सोसायटीकडे बोट दाखवलं जातं. कमिटी परवानगी देणार नाही, असं एजंट सांगतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला आधी कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. भाडेकरू काय खातो यावर शिक्का मारायचा अधिकार कमिटीला कुणी दिलेला नाही. हे एजंटाला माहीत असतं, रोजचंच काम आहे ते. तरीही तो भाडेकरूला कमिटीची भीती घालतो, कारण वाद घालण्यापेक्षा पार्टी बदलणं त्याला सोपं पडतं.

थोडा अभ्यास केलेले एजंट आणि सेक्रेटरी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात. २००५मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात न्यायालयाने सदस्यत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला, हे खरं आहे. तो निकाल मला पटत नाही, पण तो बाजूला ठेवू. तो त्या विशिष्ट उपविधीसह नोंदल्या गेलेल्या संस्थेबद्दल आणि तिच्या सभासदांच्या संघटना स्थापण्याच्या हक्काबद्दल होता. गल्लीतल्या सर्वसाधारण सोसायटीच्या उपविधीत अशी अट नसते. आणि त्या निकालाने कोणत्याही एजंटाला माणसं गाळण्याचा परवाना दिलेला नाही.

राज्यघटनेचं नाव घेऊन केला जाणारा बचाव याहून गंभीर आहे. खासगी घर कुणाला द्यायचं हा मालकाचा प्रश्न, भेदभावाविरुद्धचं कलम त्याला लागू होत नाही, असं सांगतात. मालकापुरतं हे आज बऱ्याच अंशी खरं आहे, आणि भारतात खासगी घरभाड्यातल्या भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा नाही, ही आपली मोठी उणीव आहे. पण एजंटाचं काय? कलम १५(२) दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश देताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून अडवणूक करायला मनाई करतं. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमकं काय असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी दिलेलं उत्तर व्यापक होतं. मागायला येणाऱ्या कुणालाही सेवा द्यायला जो तयार असतो, त्याची ती जागा म्हणजे दुकान, असा त्यांचा अर्थ होता, आणि त्या अर्थात न्हाव्याचं दुकानही येतं. २०११मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच व्यापक दृष्टी स्वीकारली.

आता नाक्यावरचं इस्टेट एजंटाचं ऑफिस पाहा. रस्त्यावर पाटी असते, ‘भाड्याने, विकत, हेवी डिपॉझिट’ असं काचेवर लिहिलेलं असतं, भिंतीवर गुमास्त्याचा कागद लावलेला असतो. तो स्वतः सांगतो की दार सगळ्यांना उघडं आहे. मालक आपल्या बंद दारामागे काय करतो तो एक प्रश्न. पण हा गाळा उघडून बसलेला, जनतेला सेवा विकणारा व्यावसायिक आहे. न्हाव्याला जे बंधन आहे ते याला का नसावं? माझं म्हणणं असं, की मालकाला मिळणारं घटनात्मक संरक्षण एजंटाने स्वतःसाठी उसनं घेऊ नये. त्याचा त्यावर हक्क नाही.

हा वाद जगात आपणच पहिल्यांदा घालत नाही आहोत. अमेरिकेतल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४च्या आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवलं होतं, की ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या घरांचे भाव पडतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या माणसांना तिथे आणायला सदस्याने कारण होऊ नये. पुढची काही दशकं तिथल्या शहरांच्या गोऱ्या-काळ्या वस्त्या रेखण्यात एजंटांचा वाटा किती होता, हे आज तिथे कुणी नाकारत नाही. काही एजंट तर आधी गोऱ्या कुटुंबांना ‘काळे येताहेत’ म्हणून घाबरवून घरं स्वस्तात विकायला लावत आणि तीच घरं कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावाने विकत. तेव्हाही बचाव हाच होता, की गिऱ्हाइकाची इच्छा आम्ही फक्त पोचवतो. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने तो बचाव मोडून काढला. मालकाने सांगितलं म्हणून एजंटाला वंशावरून नकार पोचवता येत नाही, तो स्वतः जबाबदार ठरतो. २०२०मध्ये त्या संघटनेने आपल्या जुन्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. तोपर्यंत कित्येक पिढ्यांचं आयुष्य वेगवेगळ्या वस्त्यांत विभागलं जाऊन गेलं होतं. आपल्याकडे लेखी आचारसंहितेऐवजी व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आहेत. मुंब्रा, कोंढवा, गोवंडीसारख्या वस्त्यांत एकाच समाजाची माणसं का एकवटत गेली, याची कारणं अनेक आहेत. १९९२-९३च्या दंगलींची भीती हे त्यातलं मोठं कारण. पण त्या वस्त्यांबाहेर घर मागितल्यावर फोनवर मिळालेली उत्तरंही त्या कारणांत मोजावी लागतील.

एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. सप्टेंबर २०२३मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. योग्यच होतं. मासे खातात म्हणून पार्ल्यात, घाटकोपरला, वाळकेश्वरला मराठी माणसाला घर नाकारलं जातं, तेव्हा तो अपमान फार खोल जातो. पण पुण्यात सदाशिव पेठेत, कर्वेनगरात, कोथरूडात घर मागणाऱ्या दलित मुलाला, मुस्लिम जोडप्याला, घटस्फोटित बाईला, ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलींना एजंट जे सांगतो, ते कुणाच्या वतीने सांगतो? तिथले बहुसंख्य मालक मराठी आहेत आणि पुष्कळ एजंटही मराठी आहेत. आपल्याला नकार मिळाल्यावर जो नियम आपण मागतो, तोच इतरांना लागू करायला आपण तयार नसू, तर ती मागणी न्यायाची राहत नाही. नव्या इमारतींत मराठी माणसासाठी घरं राखून ठेवण्याची मागणी अधूनमधून होते. तिच्यामागची वेदना मला कळते. तरी अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या लाखो माणसांना त्याने काही मिळणार नाही. त्यांची अडवणूक एजंटाच्या फोनवर होते, आणि बंदोबस्त तिथेच करावा लागेल.

यावर चांगल्या एजंटांचाही एक आक्षेप असतो आणि तो खरा आहे. मी अशी अट घ्यायला नकार दिला तर मालक शेजारच्या एजंटाकडे जाईल, माझी दलाली बुडेल, भेदभाव तसाच राहील. एकट्यादुकट्याच्या सद्भावनेवर हे सोडता येत नाही, हे मीही म्हणतो. म्हणूनच नियम सगळ्यांना एकदम लागू करणारा हवा.

तो कसा करायचा याचा नमुना आपल्याकडे आहे. घरांच्या विक्रीचं नियमन करणारा रेरा कायदा २०१६चा आणि मे २०१७पासून पूर्ण लागू झालेला. त्यात एजंटाची व्याख्या करताना, खरेदी-विक्रीसाठी दोघांची ओळख करून देणारा, मग तो कोणत्याही माध्यमातून करून देवो आणि त्याला कोणत्याही नावाने ओळखलं जावो, तो एजंटच, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. ‘आम्ही फक्त गाठ घालून देतो’ हा बचाव संसदेने तिथेच निकालात काढला आहे. नोंदणीशिवाय काम करता येत नाही, खोटी माहिती देता येत नाही, हिशोब ठेवावा लागतो. त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, महारेराने, २०२३मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आणि प्रमाणपत्र न घेणाऱ्या सुमारे २० हजार जणांची नोंदणी २०२४मध्ये स्थगित केली. तेव्हाही धंदा बुडेल अशी ओरड झाली. धंदा बुडाला नाही. हे सगळं विक्रीपुरतं आहे. घर भाड्याने देण्या-घेण्यातला मध्यस्थ त्या व्याख्येत येत नाही, आणि शहरातल्या तरुण, गरीब, नव्याने आलेल्या माणसाची गाठ पडते ती याच मध्यस्थाशी.

तेव्हा राज्य सरकारने भाड्याच्या व्यवहारातल्या एजंटालाही नोंदणी, प्रशिक्षण आणि तक्रारनिवारणाच्या कक्षेत आणावं. धर्म, जात, आहार, वैवाहिक स्थिती यांवरून घातलेली अट त्याने स्वीकारणं, जाहिरातीत लिहिणं किंवा ग्रुपवर पुढे पाठवणं हा नोंदणी रद्द होण्याजोगा गैरव्यवहार ठरावा. दलाली एकाच बाजूकडून घ्यावी, ज्याने काम सांगितलं त्याच्याकडून. जर्मनीत २०१५पासून भाड्याच्या घरांसाठी हाच नियम आहे.

आणि एक दुरुस्ती तर उद्यासुद्धा करता येईल, तिला विधानसभेचं अधिवेशन लागणार नाही. आजच्या लीव्ह अँड लायसन्सच्या करारात मालकाचं नाव असतं, भाडेकरूचं असतं, दोन साक्षीदारांची असतात. ज्याने भाडं सुचवलं, अटी ठरवल्या आणि दोन्हीकडून पैसे घेतले, तो बहुतेक करारांत कुठेच नसतो, किंवा असलाच तर साक्षीदार म्हणून सही करतो. नोंदणी विभागाने ऑनलाइन अर्जात तीन रकाने वाढवावेत: एजंटाचं नाव, त्याने कुणाच्या वतीने काम केलं, आणि कुणाकडून किती दलाली घेतली.